लहान नाव हाकेला किती पुरतं?

संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला कुठल्याही सोसायटीच्या आवारात जरा थांबा. खाली मुलांचं क्रिकेट रंगलेलं असतं आणि वरच्या गॅलऱ्यांतून हाका सुरू होतात. ज्याचं नाव आईवडिलांनी सुटसुटीत हवं म्हणून मुद्दाम 'यश' ठेवलं, त्याला त्याची आईच 'यशूऽऽ' म्हणून बोलावते. मित्र 'ए यश्या, बॉल टाक' म्हणतात. शेजारच्या घरात पणजोबांचं नाव चालवायचं म्हणून मुलाचं नाव 'दत्तात्रय' ठेवलंय, तर त्याला घरीदारी सगळे 'दत्तू' म्हणतात. आखूड नाव वाढलं, लांबलचक नाव आटलं आणि दोन्ही येऊन थांबली जवळजवळ एकाच मापावर.

असं का होतं? नाव ठेवणाऱ्यांनी एक ठरवावं आणि हाक मारणाऱ्यांनी दुसरंच म्हणावं, यामागे काही नियम आहे का? आहे, आणि मुलासाठी यश, ओम, वेद, जय, नील, देव, वीर, ध्रुव अशा आखूड नावांची यादी करत बसलेल्या प्रत्येक घराला तो माहीत असायला हवा. कारण नाव कागदावर किती लहान दिसतं, यापेक्षा ते तोंडात आणि कानात कसं वागतं यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

आपल्याच घराण्याची वंशावळ काढून पाहिली तर नावं पिढीगणिक आखडत आलेली दिसतात. पांडुरंग, गजानन, दत्तात्रय यांच्या पोटी मधुकर, प्रभाकर, सुधाकर आले. त्यांच्यामागून प्रकाश, विलास, सुहास, मग संजय, सचिन, अमोल, अमित. आता यश आणि ओम. घरं लहान झाली, नावापुढचे राव आणि पंत गेले, शाळेच्या पटावर आणि मोबाइलच्या पडद्यावर नाव एकटं उभं राहू लागलं. आखूड नावाची ओढ त्यातूनच आली आहे आणि तिच्यात गैर काही नाही. फक्त आखूड म्हणजे नेमकं किती, हे आधी नीट मोजायला हवं.

'राम' किती अक्षरी?

कोणीही पटकन 'दोन' म्हणेल. कागदावर रा आणि म अशी दोन अक्षरं आहेतच. पण हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरून 'राम' म्हणा. हनुवटी एकदाच खाली जाते. 'गजानन' म्हणा, ती तीनदा हलते. तोंड उघडतं ते स्वरासाठी. व्यंजन म्हणजे त्या उघडझापेतली अडवणूक, कधी ओठांनी, कधी जिभेनं. म्हणजे बोलण्यात नावाची लांबी मोजायची ती स्वरांनी, आणि 'राम'मध्ये ऐकू येणारा स्वर एकच आहे, 'आ'.

मग 'म'मधला 'अ' गेला कुठे? तो आपण गिळतो. लिहितो 'राम', म्हणतो 'राम्'. संस्कृतात या नावात दोन स्वर आहेत, कन्नडमध्ये शेवटचा 'अ' अजून शाबूत आहे, आणि आपल्याकडेही भजनात टाळ धरला की तो परत येतो. रोजच्या मराठी बोलण्यात मात्र शब्दाच्या शेवटचा 'अ' गळून पडतो. त्यामुळे ज्यांना आपण दोन अक्षरी म्हणतो अशी पुष्कळ नावं बोलताना एकाच झटक्यात संपतात. या लेखापुरतं त्यांना 'एकस्वरी' म्हणू.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. शेवटी जोडाक्षर असेल तर 'अ' गळत नाही. 'पार्थ' म्हणून पाहा. थ सुटा पडत नाही, त्याच्यामागे 'अ' स्पष्ट उरतो, कारण लागोपाठ आलेल्या दोन व्यंजनांना टेकायला स्वर लागतो. म्हणून 'पार्थ' आणि 'राम' कागदावर सारखेच दोन अक्षरी असले तरी तोंडात 'पार्थ' दुप्पट लांब आहे. हिंदीभाषकांच्या तोंडी तो शेवटचा 'अ' पुष्कळदा गळतो, मराठी माणसाच्या तोंडी टिकतो.

चौकट: तुमच्या यादीतलं नाव कुठे बसतं?
एकस्वरी: राम, नील, वीर, ओम, देव, वेद, दीप, तेज, नाथ, यश, जय, शिव, लव, कुश. 'ध्रुव'सुद्धा यातच, कारण त्याचं जोडाक्षर सुरुवातीला आहे.
दिसायला तेवढीच, पण बोलताना दोन स्वरांची: पार्थ, दक्ष, सूर्य, इंद्र, कृष्ण, आर्य.
कागदावरही एकच अक्षर: श्री.

'श्री'बद्दल थोडं सांगायला हवं. ते स्वरावर संपतं, त्यामुळे हाकेला उत्तम आहे. पण निमंत्रणपत्रिकेवर, पाकिटावर आणि अर्जावर ते आदरार्थी 'श्री.'मध्ये मिसळतं. हे नाव ठेवायचं असेल तर मुलाला जन्मभर 'श्री हे माझं नाव आहे' असं सांगावं लागेल, याची तयारी ठेवा.

हाक कुठवर जाते?

बोलण्यातली बहुतेक ताकद स्वरांत असते. शब्द कोणता हे ओळखून देण्याचं बरंचसं काम व्यंजनं करतात, पण ती अशक्त असतात आणि अंतर वाढलं की आधी तीच विरतात. लांबून हाक ऐकू येते तेव्हा आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः स्वर. स्वरांतही सगळे सारखे नाहीत. 'आ' म्हणताना तोंड सर्वांत मोठं उघडतं आणि आवाज सर्वांत मोकळा सुटतो. 'ई' आणि 'ऊ'ची वाट अरुंद असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ताण. हाक मारताना आपण नाव लांबवतो. 'राऽऽम' लांबवता येतं, कारण 'आ' मुळातच दीर्घ आहे. 'नीऽऽल' आणि 'वीऽऽर'चंही तेच. 'यश'मधला 'अ' ऱ्हस्व आहे. तो ताणायला गेलं की 'यऽऽश' असं काहीतरी अवघड होतं आणि जीभ ते करायला नाखूश असते. मग ती स्वतःहून मागे एक ताणता येण्याजोगा स्वर जोडते आणि 'यशूऽऽ' तयार होतं. संध्याकाळच्या त्या हाकेचं कोडं इथे बरंचसं सुटतं. आई लाडानं 'यशू' म्हणते हे खरंच, पण तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत आवाज पोचवायची तिच्या घशाची गरजही त्यात आहे.

तिसरी गोष्ट शेवटच्या व्यंजनाची. म, न, ल, र उच्चारताना आवाज बंद होत नाही, 'ओम्म्म' जितका वेळ हवा तितका घुमवता येतो. त, द, प, क यांवर मात्र दार धाडकन बंद होतं. 'वेद' आणि 'दीप' यांची शेवटची व्यंजनं ताणताच येत नाहीत, आणि मैदानाच्या गलक्यात 'वे...' आणि 'दी...' एवढंच पोचतं. 'श'वर संपणाऱ्या नावात शेवटी नुसती हवेची शीळ असते. जवळून ती झकास ऐकू येते, मध्ये भिंती, झाडं आणि अंतर आलं की लवकर विरते.

ही अडचण मराठीपुरती नाही. इंग्रजीत लांबून हाक मारण्याचा एक ठरलेला सूर आहे, एक स्वर वर आणि पुढचा थोडा खाली. त्याला दोन पायऱ्या लागतात. म्हणून 'जॉन'सारखं एकस्वरी नावही हाकेत 'जॉ-ऑन' असं दोन पायऱ्यांवर पसरतं. आपल्या व्याकरणानं तर यासाठी स्वतंत्र सोय करून ठेवली आहे. संबोधनात 'राम'चा 'रामा' होतो, 'देव'चा 'देवा', 'विठ्ठल'चा 'विठ्ठला'. बोलण्यात गळालेला 'अ' हाकेत 'आ' होऊन परत येतो.

आता मला मनापासून आवडलेली गोष्ट सांगतो. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचे नियम दिले आहेत. नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, त्याची सुरुवात घोष वर्णानं व्हावी, मध्ये अंतस्थ वर्ण असावा आणि शेवट दीर्घ स्वरानं किंवा विसर्गानं व्हावा. घोष वर्ण म्हणजे ज्यांच्या उच्चारात कंठ थरथरतो ते. गळ्यावर बोट ठेवून 'ग, ज, द, ब, म' म्हटलं की ती थरथर लागते, 'क, च, त, प'ला लागत नाही. अंतस्थ म्हणजे य, र, ल, व. पतंजलीनंही महाभाष्याच्या सुरुवातीला, व्याकरण का शिकावं हे सांगताना, हाच नियम पुढे केला आहे: मुलाचं नाव ठेवायचं तर घोष आणि अंतस्थ कळायला हवेत. आश्वलायन गृह्यसूत्रात प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरी आणि ब्रह्मतेज हवं असेल तर चार अक्षरी नाव सांगितलं आहे.

फळाचा भाग बाजूला ठेवला तरी कानाच्या दृष्टीनं हे नियम पक्के आहेत. सुरुवातीला कंठ थरथरणारा वर्ण, मध्ये आवाज न अडवणारं य-र-ल-व आणि शेवटी ताणता येणारा स्वर. दूरवर पोचणारं नाव घडवायचं तर आजचा ध्वनिशास्त्रज्ञही फार वेगळं सांगणार नाही. मात्र त्या काळी अक्षर म्हणजे उच्चारातलं अक्षर. सूत्रकारांचं दोन अक्षरी नाव दोन स्वरांचं होतं. आपण आज तेच नाव निवडतो आणि बोलताना त्याचा दुसरा स्वर टाकून देतो. देव, जय, वीर, नील ही नावं सूत्राच्या मापात बसतात, फक्त त्यांचा शेवट आपण गमावलेला आहे.

एक तुकडा विरला तर

लांब नाव गोधडीसारखं असतं. एखादा तुकडा विरला तरी बाकीचे ऊब धरतात. गर्दीत 'सिद्धेश्वर'मधलं 'सि' ऐकू आलं नाही, तरी उरलेल्या '...द्धेश्वर'वरून मुलगा वळून बघतो. 'वेद'मधलं एक व्यंजन हरवलं तर उरलेल्या 'वे'वरून नाव कोणतं, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. निरोपात गरजेपेक्षा थोडं जास्त भरलेलं असलं की वाटेत काही सांडलं तरी अर्थ लागतो, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 साली गणितानं मांडून दाखवलं. आखूड नावात हे 'जास्तीचं' काही नसतं, सगळं एका घासात असतं.

विमानचालकांनी याचा धडा अनुभवातून घेतला. रेडिओवर इंग्रजी अक्षरं सांगताना गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संचात 'डॉग', 'फॉक्स', 'किंग', 'क्वीन' असे एकस्वरी शब्द बरेच होते. 1956 साली नवा आंतरराष्ट्रीय संच लागू झाला, 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा' असा. त्यातल्या 26 शब्दांपैकी 'गोल्फ' आणि 'माइक' हे दोनच एकस्वरी उरले.

फोनवर आणखी एक अडचण येते. साध्या टेलिफोनची वाहिनी सुमारे 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे सोडायची. स, श, फ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणून जुन्या फोनवर स आणि फ यांची गल्लत व्हायची. आता वाहिन्या रुंद झाल्या आहेत, पण खराब नेटवर्कवर 'यश' सांगावं आणि पलीकडच्यानं 'येस' ऐकावं, हे अजूनही घडतं. दवाखान्यात किंवा बँकेत फोनवर नाव सांगताना 'यशवंतातला यश' अशी पुस्ती जोडावी लागते.

यावरून आखूड नाव वाईट असं मुळीच नाही. प्रत्येक एकस्वरी नावाला शेजारी कोण आहे हे बघायचं, एवढंच. घरात थोरला विजय असताना धाकट्याचं नाव जय ठेवलं, तर 'वि' हवेत विरला की दोघेही एकाच हाकेला ओ देतील. अजय, विजय, संजय, धनंजय या सगळ्यांच्या शेपटीला 'जय' आहेच. तुकाराम, सखाराम, आत्माराम यांच्यामागे 'राम', नामदेव, महादेव, वासुदेव यांच्यामागे 'देव'. खरं तर आपली पुष्कळ एकस्वरी नावं पिढ्यानपिढ्या लांब नावांच्या शेवटी राहत आली आहेत, आता ती वेगळी बिऱ्हाडं करू लागली आहेत. वेंगुर्ल्यात जन्मलेले संसदपटू नाथ पै (1922 ते 1971) यांचं मूळ नाव पंढरीनाथ. त्यांच्या नावाची शेपटीच सुटी होऊन देशभर गाजली आणि 'नाथ पै' हे दोनच स्वरांचं सबंध नाव लोकांच्या तोंडी राहिलं.

मित्र काय म्हणतील?

हार्वर्ड विद्यापीठातले जॉर्ज झिफ यांनी 1935 साली एक निरीक्षण मांडलं: जो शब्द जास्त वापरला जातो, तो आखूड असतो किंवा होत जातो. घरात मुलाच्या नावाइतका वापरला जाणारा दुसरा शब्द क्वचितच असेल. म्हणून दत्तात्रयचा दत्तू, राजेंद्रचा राजू, प्रकाशचा पक्या होतो. पण हे आखडणं एका मर्यादेला येऊन थांबतं. पक्याचा 'पक्' होत नाही. लाडाच्या आणि सलगीच्या नावाला मराठीत साधारण दोन स्वर लागतात, आणि त्यात दुसरा स्वर उघडा असावा लागतो: बंड्या, सोन्या, बाळू, राजा. एकस्वरी नाव या मापापेक्षा तोकडं पडतं, म्हणून त्याला शेपटी फुटते. ओमचा ओम्या, नीलचा निल्या, रामचा राम्या किंवा रामू. इंग्रजीतही रॉबर्टचा रॉब होतो आणि रॉबचा पुन्हा रॉबी.

म्हणजे एकस्वरी नाव निवडताना तुम्ही प्रत्यक्षात दोन नावं निवडत असता. एक तुम्ही ठेवलेलं, दुसरं मित्र ठेवणार असलेलं. दुसरं आधीच म्हणून बघायला हवं, कारण मराठीत मित्रांचा नियम बहुधा ठरलेला आहे: शेवटच्या व्यंजनाला 'या' जोडायचं. या नियमात 'शिव' घालून पाहा. 'शिव्या' होतो. इतकं सुंदर नाव, पण पाचवी-सहावीच्या वर्गात त्याचं काय होईल हे सांगायला नको. 'सोम'चा सोम्या होतो आणि सोम्यागोम्या जोडीनं हजर होतात. 'वेद'चा वेद्या होतो, आणि मुलं 'द'चा 'ड' करायला वेळ लावत नाहीत. 'शिव' ठेवायची मनापासून इच्छा असेल तर घरातच लहानपणापासून 'शिवा' रुळवावं. मोकळी जागा दिसली की मित्र ती भरतात. घरानं आधीच भरली असेल तर पुष्कळदा तेच नाव शाळेतही जातं.

व्याकरणाचीही एक छान गंमत आहे. यश, जय, वेद, देव, तेज हे रोजचे शब्दही आहेत. तरी मराठी बोलताना गोंधळ होत नाही, कारण आजच्या मराठीत माणसाच्या नावाचं सामान्यरूप बहुधा करत नाहीत. 'यशानं तो हुरळला' आणि 'यशनं फोन केला', यांत एका मात्रेच्या फरकानं मुलगा कोणता आणि गुण कोणता हे कळतं. मात्र कानाला व्याकरण नंतर कळतं, नाव आधी कळतं. ब्रिटनमध्ये नेव्हिल मोरे यांनी 1959 साली एक प्रयोग केला. माणसांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय याचा बहुतेकांना पत्ता नव्हता, पण तिथे स्वतःचं नाव आलं तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते टिपलं. म्हणजे जय आणि देव नावाच्या मुलांच्या कानांना गणपतीच्या दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ विश्रांती नाही. मला हा दोष वाटत नाही. आरतीत आपलं नाव ऐकत वाढणं हे एखाद्या मुलाला सुखाचंही वाटेल.

पूर्ण नावात बसवताना

मराठी माणसाचं नाव एकटं कधीच नसतं. राम गणेश गडकरी हे नाव मोठ्यानं म्हणा: एक स्वर, मग दोन, मग तीन. पायऱ्या चढत जावं तसं ते चढतं. पुढची नावं लांब असतील तर एकस्वरी नाव फार शोभतं, आणि इथे आखूड नावाची बाजू खरोखर भक्कम आहे.

त्यात आता भर पडली आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं नोंद करण्याचा निर्णय लागू झाला आहे. चार नावांच्या या ओळीत पहिलं नाव आखूड असणं सोयीचंच. पण पहिल्या नावाच्या लगेच पुढे आता आईचं नाव येतं, तेव्हा त्या दोघांचा सांधा तपासायला हवा. 'राम माधुरी' भरभर म्हटलं की 'रामाधुरी' होतं. 'यश शीतल'चं 'यशीतल' होतं. 'वेद तनुजा'मध्ये 'त'च्या शेजारी येऊन 'द'चाही 'त' होतो आणि ऐकू येतं 'वेत्तनुजा'. लांब नावाचं एखादं व्यंजन असं खाल्लं गेलं तर फारसं बिघडत नाही. एकस्वरी नावाला मुळात व्यंजनंच दोन-तीन, त्यातलं एक गेलं तर नाव अर्धंमुर्धं उरतं. नियम सोपा आहे: मुलाचं नाव ज्या व्यंजनावर संपतं त्याच किंवा त्याच्या जवळच्या व्यंजनानं आईचं नाव सुरू होत असेल, तर दुसरं नाव शोधा.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत आखूड नावाला वेगळं वजन आहे. 'नील' आणि 'जय' ही नावं इंग्रजीतही आहेत, त्यामुळे ती तिथे आणि आजोळी जवळपास सारखीच म्हटली जातात. सगळ्यांचं तसं होत नाही. 'देव'चं स्पेलिंग तिथला शिक्षक 'डेव्ह' वाचू शकतो, 'दीप'चा 'डीप' होतो, आणि 'वेद'मधला 'द' त्यांच्या जिभेवर 'ड' होतो, तेव्हा आजी दचकते. मराठीत दंत्य आणि मूर्धन्य असे द-ड, त-ट वेगळे आहेत, इंग्रजीत तसा भेद नाही. म्हणून परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या एकस्वरी नावात त, थ, द, ध नसतील तर बरं.

जन्मनक्षत्रावरून अक्षर काढणाऱ्या घरांची अडचण निराळी. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, अशी अवकहडा चक्रात 108 अक्षरं होतात आणि त्यांत ङ, ञ, ण हीसुद्धा आहेत. एका ठरलेल्या अक्षरानं सुरू होणारी अर्थपूर्ण एकस्वरी नावं मोजकीच सापडतात, काही अक्षरांना एकही नाही. अशा वेळी ओढूनताणून निरर्थक आखूड नाव घडवू नये. पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे, ती खुशाल वापरावी.

माझी पसंती

इतकं सगळं तपासल्यावर मला स्वतःला दीर्घ स्वर असलेली आणि म, न, ल, र, व यांवर संपणारी एकस्वरी नावं सर्वांत भरवशाची वाटतात. राम, नील, वीर, ओम, देव. ती ताणता येतात, दूर जातात, आणि शेपटी लावली तरी बिघडत नाहीत. जय आणि ध्रुव त्यांच्या मागोमाग. ऱ्हस्व स्वर आणि शेवटी 'श' असलेलं यश हे अर्थानं देखणं नाव आहे, पण त्याला 'यशू' लागणार हे धरूनच ठेवावं. आणि तोंडात खरोखर भारदस्त पण कागदावर आखूड असं काही हवं असेल, तर जोडाक्षरावर संपणारी पार्थ, दक्ष, आर्य ही नावं दोन्ही बाजू सांभाळतात.

बाळाच्या बाजूनंही घाई नाही. 1995 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी साडेचार महिन्यांच्या बाळांना त्यांचं नाव आणि इतर नावं ऐकवली. बाळं स्वतःच्या नावाकडे जास्त वेळ लक्ष देत होती, म्हणजे त्या वयात नावाचा नाद ओळखीचा झालेला असतो. अर्थ पुढे केव्हातरी कळतो, आधी नाद रुजतो. बारशाला आत्यानं कानात 'कुर्रर्र' करून जे नाव सांगितलं, ते आधीचे काही दिवस घरात वेगवेगळ्या तोंडांनी म्हणून पाहिलेलं असावं. आजीनं स्वयंपाकघरातून हाक मारावी, बाबांनी फोनवर नाव सांगून पलीकडच्याला परत म्हणायला लावावं, आईनं स्वतःच्या नावासकट सबंध नाव न थांबता म्हणून बघावं. शेजारच्या चौथीतल्या मुलाला 'याला तुम्ही काय म्हणाल?' असं विचारावं. त्याचं उत्तर सर्वांत खरं असतं.

कायदाही यासाठी वेळ देतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर नावाविना नोंद होते. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव शुल्क न भरता घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, आणि त्यावर लागलेलं नाव पुढे बदलणं जिकिरीचं होतं. तेव्हा जन्माची नोंद वेळेत करा, नाव सावकाश ठरवा, आणि दाखल्यावर लिहून देण्याआधी एकदा गॅलरीतून खाली जोरात हाक मारून बघा.